आधी अंदाज, मग पडदा

पहाटे 5:30

घर कराडात आणि शाळा कडेगाव तालुक्यात. म्हणजे राहणं सातारा जिल्ह्यात आणि नोकरी सांगली जिल्ह्यात. घरी वायफाय आहे. शाळेत मात्र रेंज येते ती पाण्याच्या टाकीखाली, तीही वाऱ्याच्या मर्जीने. त्यामुळे इंटरनेटचं काम पहाटेच उरकावं लागतं.

आज 11 डिसेंबर. आठवीला आम्ल-आम्लारी, नववीला ऊर्जेची उजळणी, दहावीला भिंगं. विज्ञान शिकवणाऱ्यासाठी आज जेवढं फुकट उपलब्ध आहे तेवढं कधीच नव्हतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत आणि पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ उघडतात. ऑनलाइन लॅब्जवर प्रयोगशाळेतले प्रयोग आहेत. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी आहेत, त्यांतल्या कितीतरी खेळण्यांच्या फिती मराठीत आहेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची पुस्तकं आहेत. आणि फेट आहे. कार्ल वीमन यांना 2001 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ही सिम्युलेशनं सुरू केली. एक सिम्युलेशन म्हणजे एक फाइल. ती एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी ब्राउझरमध्ये चालते. स्वयंसेवकांनी भाषांतरं केल्यामुळे अनेक मराठीतही आहेत.

हे सगळं वर्गात न्यायचं म्हटलं तर वर्ष पुरणार नाही. म्हणून पहाटेचं खरं काम उतरवून घेण्याचं कमी आणि गाळण्याचं जास्त. माझी कसोटी एकच आहे. जे मुलांच्या हाताला लागू शकतं, ते पडद्यावर दाखवायचं नाही. हाताला लागत नाही, फार मोठं आहे, फार लहान आहे किंवा धोक्याचं आहे, तेवढंच पेन ड्राइव्हमध्ये घ्यायचं. आज दोन फाइली आणि एक नकाशा, बस्स. पिशवीत मात्र हळद, लिंबं, खायचा सोडा, जास्वंदीची फुलं आणि कपड्याचा साबण.

सकाळी 9:15

चौघा शिक्षकांत मिळून एक गाडी. ओगलेवाडी मागे पडते. प्रभाकर कंदील बनवणाऱ्या ओगले काच कारखान्यावरून या गावाचं नाव पडलं. पुढे सुर्लीचा घाट. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढायला लागली की मला टेंभू योजना आठवते. कराडजवळच्या टेंभू गावी कृष्णेचं पाणी अडवायचं आणि पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी रानांत न्यायचं. आम्ही रोज चढतो तोच चढ पाणीही चढतं. गाडीतले बाकीचे पगारवाढीवर बोलत असतात, तोवर नववीचा तास माझ्या डोक्यात जुळलेला असतो.

सकाळी 10:30

परिपाठ. आज दिनविशेष सातवीतल्या एका मुलीने वाचला: 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप. धरणाचा जलाशय भरायला लागल्यावर त्या भागात हादरे सुरू झाले होते, हेही तिने लिहून आणलं होतं. ती वाचून मागे वळते तोच रांगेतून प्रश्न आला, "मॅडम, धरणानं भूकंप होतो, तर मग टेंभूनं पण होईल की?"

उत्तर तिथल्या तिथे देता आलं असतं. पण अशा प्रश्नाचं उत्तर शोधायचं कसं, हे मुलांनी बघावं असं मला वाटतं. "दुपारी माझ्या मोकळ्या तासाला प्रयोगशाळेत या, मिळून बघू," म्हटलं.

सकाळी 11:15, आठवी

पडदा गुंडाळलेलाच. प्रत्येक बाकावर हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या. हळद सांगलीची, तिला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. पट्टीवर काहीही टाकायच्या आधी प्रत्येकाने चिठ्ठीवर अंदाज लिहायचा: साबणाचं पाणी, सोड्याचं पाणी, लिंबाचा रस, नळाचं पाणी. कोणता रंग येईल? ही चिठ्ठी माझ्या प्रत्येक तासाला असते, मग तो तास हळदीचा असो की सिम्युलेशनचा. हात आधी कागदावर चालला पाहिजे, डोळे नंतर.

साबणाचा अंदाज जवळजवळ सगळ्यांचा बरोबर आला. हळदीच्या डागावर साबण चोळला की शर्ट लाल होतो, हे घरोघरी बघितलेलं असतं. अडलं ते लिंबापाशी.

"मॅडम, लिंबू टाकलं तरी पिवळंच राहिलं की."

"आणि पाणी टाकलेली पट्टी?"

"ती पण पिवळीच."

मग हळदीला आम्ल ओळखता येतं का? वर्ग गप्प. हळद फक्त आम्लारीची चहाडी करते. आम्ल आणि साधं पाणी यांत तिला फरक दिसत नाही. एका दर्शकावर भागत नाही, दुसरा लागतो. मग जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरगळल्या. त्या अर्कात लिंबू टाकलं तर गुलाबी-लाल, सोडा टाकला तर हिरवट. आता दोन्ही दर्शक जोडीला ठेवून तक्ता तयार झाला. हा प्रयोग फितींमध्येही आहे, मी तो आदल्या रात्री बघितला होता. पण फितीत जास्वंद आधीच तयार असते. हळद कुठे कमी पडते, हे मुलांना स्वतःला सापडायला हवं होतं.

शेवटची दहा मिनिटं पडदा उघडला. फेटच्या पीएच मोजपट्टीत गाडीच्या बॅटरीतलं आम्ल आहे, नाला साफ करायचं रसायन आहे, थुंकी आहे आणि उलटीही आहे. उलटीवर हसून झालं. मग उलटी आम्लधर्मी का, हा प्रश्न मुलांनीच काढला आणि जठररसापर्यंत पोचली. बॅटरीचं आम्ल मी वर्गात आणणार नाही, ते पडद्यावरच बरं.

दुपारी 12:30, नववी

'कार्य आणि ऊर्जा' हा धडा जुलैतच झाला. आज तो पुन्हा काढला, कारण टेंभूचा विषय मुलांच्या घरात रोजचा आहे. नकाशावर आधी टेंभू दाखवलं, मग आमचं गाव. गूगल अर्थवर बोट ठेवलं की त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची खाली दिसते. शाळेत नेट नाही म्हणून पहाटेच चित्रं घेऊन ठेवली होती. दोन आकड्यांची वजाबाकी मुलांनी केली.

हिशेब सोपा पडावा म्हणून 100 मीटर धरले. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 लिटर, वस्तुमान 1000 किलो. स्थितिज ऊर्जा वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: 1000 × 9.8 × 100, म्हणजे 9 लाख 80 हजार ज्यूल. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार केला तर 0.27 युनिट. पंप आणि नळातला व्यय धरला तर याहून जास्तच. आधी चिठ्ठीवर अंदाज मागितला होता. कुणी पन्नास युनिट लिहिलं होतं, कुणी शंभर. उत्तर एवढं लहान निघाल्यावर वर्ग अविश्वासाने बघत राहिला. मग मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, "पण मॅडम, आमच्या रानाला काय एक टाकी पाणी लागतं व्हय?" तोच प्रश्न मला हवा होता. त्याच्या एकर उसाला किती घनमीटर लागतं, ते वडिलांना विचारून यायचं आणि गुणाकार उद्या फळ्यावर. सिम्युलेशनमधली स्केटबोर्डवरची मुलगी चढ-उतारात ऊर्जेचे रंगीत खांब दाखवते. ते छान आहे, पण आमच्याकडे टेंभू असताना आज तिला सुट्टी दिली.

दुपारी 1:45

मधली सुट्टी, डबे. गणिताचे सर भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मॅडम, एवढं सगळं फुकट मिळतंय, मग पोरांनी शाळेत यायचं कशाला?"

म्हटलं, "सर, व्हिडिओला कळत नाही तिसऱ्या बाकावरच्या पोराने चिठ्ठी कोरी ठेवली ते."

"ते मला तरी कुठं कळतं?" सर हसले आणि ठेचा पुढे सरकवला.

दुपारी 2:30, दहावी

लाइट गेली. आठवड्यातून दोनदा जाते, म्हणून भिंगाचा तास मुद्दामच दुपारचा धरलाय. खिडकी पूर्ण उघडी, समोरच्या भिंतीवर पांढरा कागद, हातात बहिर्वक्र भिंग. कागदापासून भिंग मागे-पुढे सरकवत गेलं की एका ठिकाणी बाहेरचा उसाचा फड, लिंबाचं झाड, उभी मोटारसायकल, सगळं उलटं आणि रंगीत उमटतं. तिथे भिंग ते कागद अंतर मोजायचं. दूरच्या वस्तूसाठी तेच जवळजवळ नाभीय अंतर. गटागटाने मोजलं आणि एकाच भिंगाची वेगवेगळी उत्तरं आली. मग कुणाची मोजपट्टी तिरकी होती यावर भांडण झालं, तेही अभ्यासक्रमातच धरावं.

पुढची पायरी अवघड. वस्तू नाभीच्या आत आणली की कागदावर प्रतिमा पकडताच येत नाही, पण भिंगातून बघितलं तर अक्षर मोठं दिसतं. दिसतं, तर कागदावर का येत नाही? इथे हाताने दाखवायचं संपतं. लॅपटॉपच्या बॅटरीवर फेटचं भिंगाचं सिम्युलेशन उघडलं आणि पाच-पाच जण भोवती बसले. वस्तू ओढत नाभीच्या आत नेली. भिंगातून बाहेर पडणारे किरण एकमेकांपासून लांब जायला लागले, आणि मागे वाढवलेल्या रेषा वस्तूच्याच बाजूला जुळल्या. "म्हणजे मॅडम, किरण तिथं गेलेलेच नाहीत, आपल्याला नुसतं वाटतंय." आभासी प्रतिमेची याहून चांगली व्याख्या मी आजवर फळ्यावर लिहिलेली नाही.

दुपारी 3:45

मोकळा तास. त्यातला अर्धा कुठल्यातरी पोर्टलवर 'आजच्या आज' भरायच्या माहितीत जातो. उरलेल्यात सकाळच्या प्रश्नासाठी सातवीची फौज हजर.

पहिला थांबा मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली तो वाईत उभा राहिला, म्हणजे आमच्याच सातारा जिल्ह्यात. आता नेटवर सगळा मोफत आहे. भूकंपाची नोंद मी छापून आणली होती. शब्द तिथून घेतले: भ्रंश, अपिकेंद्र, नाभी. दहावीच्या भिंगालाही नाभी आणि भूकंपालाही नाभी, यावर एकीने तोंडाला हात लावला. दुसरा थांबा राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राची भूकंपांची यादी. तिच्यात कधी, कुठे, किती खोल, हे सगळं दिलेलं असतं. टाकीखाली जाऊन ती फोनवर उघडली.

मग प्रत्येक पानावर दोन प्रश्न: हे कुणी लिहिलंय आणि कधी? विश्वकोशाचा तो खंड छापला गेला तेव्हा कोयना परिसरात सुमारे 3 किलोमीटर खोल विवर खोदलंच नव्हतं. ते काम अलीकडचं, आणि त्यासाठीची भूभौतिकी प्रयोगशाळा कराडलाच आहे. म्हणजे जुना स्रोत चुकीचा नव्हे, पण तिथे थांबायचं नाही.

उत्तर असं जमलं: कोयनेचं धरण 103 मीटर उंच आणि जलाशयाची क्षमता सुमारे 105 टीएमसी. एवढ्या पाण्याचं वजन खडकावर येतं, आणि पाणी भेगांतून खोल झिरपून खडकातला दाब बदलतं. जिथे भ्रंश आधीच ताणलेला असतो तिथे त्याला निमित्त मिळतं. ताण धरण तयार करत नाही, आधी असलेल्या ताणाला वाट करून देतं. टेंभूला असा खोल जलाशयच नाही, पाणी नळ-कालव्यांतून पुढे जातं. सकाळी प्रश्न विचारणारा थोडा हिरमुसला. त्याला टेंभूचा भूकंप हवा होता.

संध्याकाळी 5:00

सुटायच्या आधी गृहपाठ. त्याला मोबाइल लागणार नाही, हे मी ठरवूनच टाकलंय. घरात फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर रानात असतो. शिवाय आमच्याच तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. सात वाजता भोंगा वाजतो आणि मुलं पुस्तकं काढतात. बातमी देशभर गेली. त्या वेळात लॉगइन करायचा गृहपाठ देणं म्हणजे गावाने जे जमवलं ते मोडणं.

म्हणून आजचा गृहपाठ कागदावर. स्टेलॅरियम या मोफत तारांगण सॉफ्टवेअरमध्ये आमच्या गावाचे अक्षांश-रेखांश आणि आजची तारीख घालून साडेसात आणि साडेआठ असे दोन आकाशनकाशे छापून आणले आहेत. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात उभं राहून पूर्वेला कृत्तिका शोधायच्या. मृग साडेसातला क्षितिजाला टेकलेला असेल, साडेआठला वर आलेला. किती वर आला, ते हात लांब करून मुठींनी मोजायचं.

रात्री 9:00

कराडात घरी. उद्यासाठी सातवीचा पेशींचा धडा. अकरा मिनिटांची एक फीत मिळाली, चित्रं सुंदर, पण निवेदक उत्तर आधी सांगतो आणि प्रश्न नंतर विचारतो. तिच्यातला पेशी विभागण्याचा पाऊण मिनिटाचा तुकडा कापून घेतला आणि आवाज काढून टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पापुद्री मुलं स्वतःच बघतील, त्यामुळे पेशीचं चित्र वगळलं. एका सिम्युलेशनमधले मराठी शब्द पुस्तकाशी जुळत नाहीत, तेवढे वहीत टिपले. सवड मिळेल तेव्हा भाषांतर दुरुस्त करून पाठवीन, म्हणजे पुढच्या शिक्षकाला तयार मिळेल. चिठ्ठ्या कापून रबर लावून ठेवल्या. उद्या पहिलाच तास सातवीचा आहे, आणि घरून येताना प्रत्येकी एक कांदा आणायला सांगितलाय.