टिप्याची पाठ

बागेच्या फवारणीत दादा अर्धा मिलीही इकडचा तिकडे होऊ देत नाही. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, तो विषय सायखेड्यात आमच्या ओट्यावर अजून निघतो. त्याच दादाने परवा टिप्याच्या पिसवा मारायला गोठ्यातली डेल्टामेथ्रिनची बाटली उचलली. जनावरांच्या गोचिडांसाठी ते पाण्यात पातळ करून वापरायचं. याने न मोजता, तसंच्या तसं, मानेपासून शेपटीपर्यंत ओतलं. वर म्हणाला, "कुत्र्याला काय होतंय!"

दिवेलागणीला टिप्या बिथरला. ओट्याच्या कडेला पाठ घासायचा, गर्रकन वळून स्वतःच्याच शेपटीला चावायचा, पण बूड टेकेना. डेल्टामेथ्रिनच्या गटातली औषधं कातडीतल्या नसा चेतवतात. मुंग्या येतात, आग होते. वहिनी हळद-खोबरेल घेऊन आली. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, लाळ गळतेय का, थरथरतोय का, झोकांड्या जातात का. तिन्हींना नाही म्हटल्यावर म्हणाले, "धुवा आधी. वरून काही चोपडू नका. यातलं एक जरी दिसलं तर रात्र बघू नका, घेऊन निघा."

औषध तेलकट, नुसत्या पाण्याने सुटत नाही. भांड्यांचं लिक्विड घेतलं. पाणी कोमट, कारण कढत पाण्याने औषध कातडीत जास्त मुरतं. फवारणीचे हातमोजे दादानेच आणून दिले, न बोलता. केस उलटे करत फेस मुळापर्यंत नेला, धुतला, पुन्हा लावला. तिसऱ्या पाण्याला वास उतरला. मांजर नेहमी टिप्याच्या कुशीत झोपतं. मांजराला आत कोंडलं. याच गटातलं पर्मेथ्रिन मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही, कुत्र्याला चाटूनही ते मरू शकतं.

सकाळी दवाखान्यात केस कापल्यावर चट्टा दिसला: तळहाताएवढा, लालभडक, मधोमध पाणावलेला. खाजेची सुई झाली. चाटू नये म्हणून गळ्यात भोंगा हवा होता; आम्ही प्लास्टिकच्या बादलीचा तळ कापून घातला. टिप्या दोन दिवस दारांना धडकत फिरला.

मला आवडली ती डॉक्टरांची एक साधी करामत. शेपटीच्या बुडापाशी कंगवा फिरवून त्यांनी काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकले. ठिपक्यांभोवती तांबूस कडं उमटलं. पिसवांची विष्ठा ती, म्हणजे पचलेलं रक्त. माती असती तर काळीच राहिली असती.

आणि अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या जेमतेम 5 टक्के. अंडी घरंगळून खाली पडतात; अळ्या, कोष अंथरुणात आणि धुळीत. टिप्या झोपतो कांदाचाळीच्या कडेला, गोणपाटावर. मग पाठीवर बाटली ओतून काय साधणार होतं? गोणपाटं उकळत्या पाण्यात काढली, कडक उन्हात टाकली, चाळीखालची धूळ लोटून लांब नेली. कोष महिनोन्‌महिने दम धरतात, म्हणून हे दर आठवड्याला चालू आहे. अंगावरचं औषध आता डॉक्टर देतील ते, टिप्याच्या वजनावर. वजन भरलं 18 किलो. दादाने ते फवारणीच्या वहीत लिहून ठेवलंय.

तुमच्याकडे असं झालं तर दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्या. "गोचिडाचं होतं काहीतरी" एवढ्यावर डॉक्टरांना उतारा ठरवता येत नाही.