न दिसता शर्यतीत पोहणाऱ्या कांचनमालाताई

आपल्या आणे पठारावर विहिरीला पाणी असते तेवढेच दिवस पोहायला मिळते. पोहताना समोरची भिंत दिसते, म्हणून आपण हात आखडतो. अमरावतीच्या कांचनमाला पांडे पूर्ण अंध आहेत. तरी त्या शर्यतीत पोहतात. कशा, ते सांगतो.

तलावात प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन्ही अंगांना तरंगते दोर असतात. दोराला हात घासला की समजायचे, आपण तिरके चाललोय. भिंत किती लांब, ते हात मोजून कळते. पण दमल्यावर हात आखूड पडतो नि मोजणी चुकते. म्हणून दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीचे टोक मऊ असते. भिंत जवळ आली की तो डोक्याला किंवा पाठीला काठी टेकवतो. उशिरा टेकवली तर डोकेच आपटायचे! या गटात कोणाला थोडा उजेड कळतो, म्हणून सगळ्यांनाच काळे चष्मे घालावे लागतात. हा नियम मला फार आवडला.

जुलै २०१७ मध्ये ताई बर्लिनला गेल्या. पैसे वेळेवर पोचले नाहीत, परक्या मुलखात उसनवारी करावी लागली. तरी रौप्यपदक आणले. डिसेंबरात मेक्सिकोला जागतिक स्पर्धेत २०० मीटर मिश्र शर्यतीत सुवर्णपदक! त्यात ५०-५० मीटर चार तऱ्हांनी पोहायचे: फुलपाखरासारखे, उताणे, बेडकासारखे आणि शेवटी मुक्त. उताणे पोहताना डोळसालाही भिंत दिसत नाही. तो वर टांगलेल्या पताका बघून ओळखतो. ताईंना तिथेही काठीच.

(इयत्ता ७ वी)