यंत्राचा अनुवाद आणि वाचकाची सोय

बहुभाषी संकेतस्थळ उभारावयाचे म्हटले की पहिला प्रश्न खर्चाचा निघतो. इंग्रजी पाने तयार असतात. मराठी, कानडी, गुजराती कोणी लिहावयाची? मग यंत्राकडे बोट दाखविले जाते, आणि ते अगदीच गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये गुगलने मराठीसह नऊ भारतीय भाषांना नवी अनुवादपद्धती लागू केली. पूर्वीचे यंत्र शब्दसमूहांचे तुकडे जुळवीत असे. नवे यंत्र सबंध वाक्य एकदम विचारात घेते. तेव्हापासून यंत्राची मराठी पुष्कळच सुधारली.

अडते ते वाक्याबाहेर. संकेतस्थळावर सुटे शब्द फार असतात. इंग्रजीतील ‘बुक’ हा एकच शब्द कळीवर लिहिलेला असला, तर तेथे ‘नोंदणी करा’ म्हणावयाचे की ‘पुस्तक’, हे यंत्राने कशावरून ठरवावे? ‘मे’ हा महिना की ‘कदाचित’? माणूस शेजारचे चित्र पाहून ओळखतो. यंत्राच्या हाती नुसता शब्द पडलेला असतो.

याहून नाजूक गोष्ट सर्वनामांची. इंग्रजीत ‘वुई’ एकच. मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘प्रवासखर्च आम्ही देऊ’ हे संस्थेचे वचन झाले. ‘प्रवासखर्च आपण देऊ’ म्हणताच वाचकाच्या खिशातही हात गेला! ‘आपण द्याल’ असे झाले, तर सगळाच भार त्याच्यावर. (व्याख्याते मंडळी स्वतःला ‘आम्ही’ म्हणवितात, ती गोष्ट निराळी.) तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत, म्हणून वाचकाला संशयही येत नाही. ओबडधोबड अनुवादापेक्षा असा सफाईदार चुकीचा अनुवाद अधिक घातक होय.

तेव्हा यंत्र जोडावे, परंतु कसे? मजकूर सबंध वाक्यांत द्यावा. संस्थेचे ठरलेले शब्द आणि विशेषनामे यांची यादी आधीच करावी; ज्याचा अनुवाद नको त्यास तशी खूण करण्याची सोय संकेतस्थळाच्या भाषेतच आहे. पान मराठी आहे हेही यंत्रास सांगावे लागते, कारण देवनागरी हिंदीचीही लिपी आहे. ‘हा अनुवाद यंत्राने केला आहे’ असे पानाच्या माथ्यावर लिहावे, आणि मूळ मजकूर एका टिचकीवर ठेवावा. वार्ता, सभांच्या सूचना एवढ्यावर भागेल. औषधाचे प्रमाण, अर्जाची मुदत, पैशाची अट मात्र मराठी जाणणाऱ्या माणसाने तपासल्यावाचून प्रसिद्ध करू नये. त्या माणसाचा खर्च अंदाजपत्रकात आधी धरावा. मागाहून तो कधीच सापडत नाही.

विकिपीडियाने या कामी एक बरी युक्ती योजली आहे. २०१५ पासून तेथे अनुवादाचे एक साधन आहे. एका बाजूस मूळ परिच्छेद, दुसऱ्या बाजूस यंत्राचा मसुदा. माणसाने मसुद्यात पुरेसा हात घातला नाही, तर साधन त्याला बजावते आणि प्रमाण फारच वाढले तर प्रसिद्धी अडविते.

सगळीकडे इतकी दक्षता राहिली नाही. ग्रीनलँडच्या भाषेतील विकिपीडियात ती भाषा न जाणणाऱ्यांनी यंत्राच्या आधारे लेख भरले, आणि २०२५ साली तो बंद करण्याचा निर्णय झाला. येथे नुकसान एका संकेतस्थळापुरते नसते. यंत्र भाषा शिकते ती जालावरील मजकुरातूनच. ज्या भाषेत असा मजकूर थोडा, तिच्यात यंत्राची चुकीची वाक्ये उद्या यंत्राचेच पाठ्यपुस्तक होतात.

कोंकणीचा समावेश गुगलच्या अनुवादयंत्रात २०२२ च्या मे महिन्यात झाला. गोव्यातील एखाद्या संस्थेने आपली इंग्रजी पाने आता एका दिवसात कोंकणी करून टाकण्यापूर्वी, ती वाचून दुरुस्त करणारा कोण, हे आधी ठरवावे. तसा कोणी मिळेपर्यंत दहाच पाने करावी.