निळी टिक म्हणजे होकार नव्हे

तेरला व्यापार नवा नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात हे गाव ‘तगर’ या नावानं येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं हे मोठं शहर. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरापर्यंत जायचं. आज तेरहून पैठणला निरोप क्षणात जातो. तो पोहोचला म्हणजे कळलाच, असं धरून चालणं मात्र छोट्या दुकानदाराला महागात पडतं.

गैरसमज : मेसेज वाचला, म्हणजे बोलणं झालं.

पेरणीच्या तोंडावरचं कृषी सेवा केंद्र घ्या. शेतकऱ्याचा मेसेज येतो, ‘डीएपी नसेल तर दुसरं ठेवा, चार बॅगा.’ दुकानदार अंगठ्याचं चिन्ह पाठवून मोकळा होतो. आता ‘दुसरं’ म्हणजे कोणतं? डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद, पालाश अजिबात नाही. १०:२६:२६ दिलं तर पालाश मिळतं, पण स्फुरद बरंच कमी होतं. २०:२०:०:१३ मध्ये गंधक आहे, सोयाबीनला ते उपयोगी पडतं, पण त्यातही पालाश नाही. शेतकऱ्याच्या मनात एक, दुकानदारानं बाजूला काढून ठेवलं भलतंच. अनुदानाच्या खतासाठी पॉस मशीनवर अंगठा लावायला शेतकरी दुकानात येतो, तेव्हा वाद उभा राहतो. ‘कोणतं देऊ?’ एवढं फोनवर विचारलं असतं तरी भागलं असतं.

व्हॉट्सॲपची निळी टिक २०१४ मध्ये आली. चॅट उघडलं गेलं, एवढंच ती सांगते. लिहिलेल्या शब्दांवर आपण किती फाजील भरवसा ठेवतो, हे जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या गटानं २००५ मध्ये तपासलं. आपलं वाक्य गंभीर आहे की उपरोधाचं, हे समोरचा ७८ टक्के वेळा ओळखेल, असं ईमेल पाठवणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो ५६ टक्के वेळाच ओळखू शकला. नुसता अंदाज ठोकला तरी ५० टक्के बरोबर येतो. तेच वाक्य आवाजात ऐकवलं तेव्हा आकडा ७३ वर गेला. म्हणून उधारीचा तगादा, भावातली घासाघीस आणि मालाची तक्रार या तीन गोष्टी टाइप करूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज : फोन नुसता वाजला, घेतला नाही, तर काय बिघडतं?

बिघडतं. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात, फोनला हातही न लावता केवळ सूचना आल्यानं लोकांचं लक्ष उडालं आणि हातातल्या कामात चुका वाढल्या. छोट्या दुकानात मालक हाच विक्रेता, हिशेबनीस आणि टेलिफोन ऑपरेटर असतो. समोरचं गिऱ्हाईक वाक्याच्या मध्यात असताना त्याची नजर स्क्रीनवर गेली, की हिशेब चुकतो आणि माणूसही दुखावतो. ग्रुपचे आवाज बंद ठेवा, कॉलचा चालू राहू द्या. तातडीचं काम असणारा फोनच करतो.

गैरसमज : व्हॉट्सॲपवरचा व्यवहार कायद्यात बसत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ सांगतं, की करार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्या कारणानं अमान्य होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदी पुरावा म्हणून सादर करता येतात, मात्र सोबत ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ चॅट पुसू नका.

तेव्हा आधी बोला. मग माल, नग, भाव आणि तारीख एका मेसेजमध्ये लिहा आणि समोरच्याकडून शब्दांत ‘मान्य’ असं उत्तर घ्या.