वर्गातला प्रकल्प, जगापुढचा व्हिडिओ

कॅडेट मित्रांनो, समजा तुमच्या गटाने ‘आपले म्हैसूर’ या विषयावर सात मिनिटांचा व्हिडिओ केला. राजवाड्याचे चित्रीकरण तुमच्याच मोबाइलवरचे. मधे आर. के. लक्ष्मण यांनी काढलेली मालगुडीची दोन रेखाचित्रे, सुरुवातीला ‘मालगुडी डेज’ मालिकेची ओळखीची धून आणि शेवटी इंटरनेटवरून उतरवून घेतलेला एक पोवाडा. वर्गात टाळ्या पडल्या. मग कोणीतरी म्हणाले, “यूट्यूबवर टाका, गावाकडचे आजी-आजोबाही पाहतील.” टाकला आणि दुसऱ्याच दिवशी हक्कभंगाची सूचना आली.

काल वर्गात जे चालले, ते आज का चालत नाही? उत्तर भारताच्या कॉपीराइट कायद्यात आहे.

वर्गाची सवलत

१९५७ च्या या कायद्याचे कलम ५२ शिक्षणाला मोठी मोकळीक देते. शिकवताना आणि शिकताना शिक्षक व विद्यार्थी दुसऱ्याच्या कृतीचा भाग घेऊ शकतात. ‘शिकणे’ म्हणजे केवळ वर्गातला तास नव्हे, असा व्यापक अर्थ दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्स दुकानाच्या प्रसिद्ध खटल्यात लावला. शाळेच्या कार्यक्रमात नाटक किंवा गाणे सादर करता येते, चित्रपट किंवा ध्वनिमुद्रण ऐकवता-दाखवता येते. अट एवढीच, की प्रेक्षक म्हणजे शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसे असावीत.

आपल्या कर्नाटकातलाच एक खटला हे नीट समजावतो. शिवराम कारंत यांनी यक्षगानाला नवे रूप देऊन नृत्यनाट्ये रचली. १९९७ मध्ये ते वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार हक्क मालिनी मल्ल्या यांच्याकडे आले. २००१ मध्ये मणिपालच्या अॅकॅडमी ऑफ जनरल एज्युकेशन या संस्थेने त्यांतले ‘अभिमन्यू वध’ दिल्लीत सादर केले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ मध्ये न्यायालयाने हक्क मल्ल्या यांचेच असल्याचे मान्य केले. त्याच वेळी हेही स्पष्ट केले, की कलम ५२ मधल्या सवलतींत बसणाऱ्या प्रयोगांना मनाई लागू होणार नाही. म्हणजे मालकाचा हक्क खरा आणि शिक्षणाची सवलतही खरी. मात्र सवलतीला कुंपण आहे.

यूट्यूबवर खुला टाकलेला व्हिडिओ हे कुंपण ओलांडतो. तिथला प्रेक्षक आता फक्त तुमचे पालक नाहीत, कोणीही आहे.

आपला व्हिडिओ तपासू या

राजवाडा: काहीच अडचण नाही. इमारतीचे छायाचित्र काढण्यास किंवा ती चित्रफितीत दाखवण्यास कायदाच परवानगी देतो. आत कॅमेरा न्यायचा की नाही, हा तिथल्या व्यवस्थापनाचा नियम, तो वेगळा.

रेखाचित्रे: लेखक-चित्रकारांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. म्हैसूरचे सुपुत्र लक्ष्मण २०१५ मध्ये पुण्यात वारले. म्हणजे त्यांची चित्रे २०७५ अखेरपर्यंत संरक्षित. त्यांचे थोरले बंधू आर. के. नारायण २००१ मध्ये गेले; त्यांच्या कथा २०६१ अखेरपर्यंत. याउलट जगनमोहन पॅलेसमध्ये ज्यांची चित्रे आपण पाहतो ते राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले. त्यांची चित्रे आता सर्वांची आहेत.

धून: ‘मालगुडी डेज’ १९८० च्या दशकातली. एल. वैद्यनाथन यांचे संगीत संरक्षित आहे आणि त्याचे ध्वनिमुद्रणही. परवानगीशिवाय नको.

पोवाडा: इथे अनेकजण फसतात. शाहीर तुळशीदासाचा तानाजीचा पोवाडा शिवकाळातला; तो कोणीही गावा. पण आजच्या शाहिराने गाऊन मुद्रित केलेल्या पोवाड्याचा हक्क स्वतंत्र असतो आणि प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. उपाय सोपा आहे: डफ घ्या आणि आपल्याच कॅडेटला गाऊ द्या. व्हिडिओ अधिक जिवंत होईल.

तीन गैरसमज

‘तीस सेकंदांपर्यंत चालते.’ कायद्यात असा सेकंदांचा आकडा कुठेही नाही.

‘खाली नाव दिले की झाले.’ श्रेय देणे हे सौजन्य आहे आणि अनेकदा कर्तव्यही. पण ते परवानगीची जागा घेत नाही.

‘आम्ही पैसे कमावत नाही.’ ही बाब विचारात घेतली जाते, पण तेवढ्याने सुटका होत नाही.

यूट्यूबची संगणकीय यंत्रणा जुळणारे संगीत आपोआप ओळखते. अशा दाव्यामुळे बहुधा व्हिडिओ अडतो किंवा त्यावरच्या जाहिरातीचे पैसे हक्कधारकाला जातात. हक्कधारकाने रीतसर तक्रार केली तर ‘स्ट्राइक’ मिळते. ९० दिवसांत अशा तीन स्ट्राइक झाल्या तर संपूर्ण चॅनेल बंद होऊ शकते. एका गटाच्या घाईमुळे शाळेचे सगळे संचलन, सगळे वार्षिक समारंभ पडद्यावरून नाहीसे व्हावेत, हे कोणाला आवडेल?

तुमचाही हक्क आहे

हा कायदा फक्त मोठ्या कंपन्यांसाठी नाही. तुम्ही लिहिलेली संहिता, काढलेले चित्र यांचे पहिले मालक तुम्हीच. नोंदणीची गरज नसते. कृती निर्माण होताच हक्क मिळतो. म्हणून शिक्षकांना विनंती, की व्हिडिओ प्रसिद्ध करण्याआधी कॅडेट आणि पालक यांची लेखी संमती घ्यावी. व्हिडिओत अल्पवयीन मुलांचे चेहरे व नावे असतात, त्यामुळे ती संमती दुहेरी महत्त्वाची. लष्करी परिसराच्या चित्रीकरणाला तर वरिष्ठांची परवानगी हवीच.

‘अपलोड’ दाबण्यापूर्वी

प्रत्येक चित्र, धून आणि चित्रफीत कुठून आली याची यादी प्रकल्पाच्या वहीत ठेवा. शक्य तेवढे स्वतः काढा, स्वतः गा. बाहेरचे हवेच असेल तर यूट्यूबच्या मोफत ऑडिओ लायब्ररीतून किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचे घ्या आणि परवान्याची अट वाचून श्रेय द्या. आवडत्या कलाकृतीसाठी हक्कधारकाला पत्र लिहा. शंका राहिली तर व्हिडिओ शाळेच्या सभागृहातच दाखवा. आजी-आजोबांना स्नेहसंमेलनाला बोलवा.

दुसऱ्याची वस्तू न विचारता घ्यायची नाही, हे आपण बराकीत पहिल्याच आठवड्यात शिकतो. सूर आणि रेषा याही कोणाच्या तरी मेहनतीच्याच वस्तू आहेत.