वृषणाला पीळ आणि लॉकडाऊनमधले गैरसमज

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हॉस्पिटलची पायरी चढायची नाही, हा घराघरातला अलिखित नियम झाला. चष्म्याचा नंबर, दातांची तपासणी ही कामं थांबली तरी काही बिघडत नव्हतं. पण लहान मुलांच्या मूत्रमार्गाचे आणि जननेंद्रियांचे काही आजार असे, की तिथं ‘बघू सकाळी’ चालत नाही. त्यांतला सगळ्यांत घाईचा म्हणजे वृषणाला पीळ बसणं. वृषण ज्या रज्जूला लटकलेलं असतं तो फिरतो आणि रक्त पोचेनासं होतं. साधारण ६ तासांत पीळ सोडवला तर १० पैकी ९ वेळा वृषण वाचतं. २४ तास उलटले, की आशा फारच थोडी. साथीच्या काळात अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या पाहणीत मुलं उशिरा आल्याचं आणि वृषण काढावं लागण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलं. काही ठिकाणी मात्र असा फरक आढळला नाही.

‘तिथं दुखत असेल तर पोरगा सांगेलच की.’ नाही सांगत. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पहाटे उठतो, पोट धरून बसतो, ओकतो. आई ओवा-हिंग देते, बाबा म्हणतात रात्रीचा वडापाव बाधला. कळ खरोखरच ओटीपोटात जाते आणि उरलेलं लाज झाकून टाकते. म्हणून या वयाच्या मुलाच्या पोटात दुखलं, तर ‘खाली दुखतंय का?’ हे सरळ विचारावं, आणि डॉक्टरांनी चड्डी उतरवून तपासावंच. दुखरं वृषण वर चढलेलं, आडवं झालेलं असतं. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, की एरवी वृषण वर ओढलं जातं. पीळ असेल तर ते बहुधा हलत नाही. व्हिडिओ कॉलवर हे कसं कळणार? आपल्याकडे २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनची नियमावली आली, पण तिच्यातही तातडीच्या रुग्णाला प्रत्यक्ष उपचारासाठी पाठवा, असंच म्हटलं होतं.

‘आधी कोविडचा रिपोर्ट, मग ऑपरेशन.’ हा समज त्या काळात फार पसरला. अशा वेळी रुग्ण बाधित आहे असं धरून, पीपीई चढवून शस्त्रक्रिया करायची होती. रिपोर्ट मागाहून आला तरी चालत होतं. लक्षणं स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठीसुद्धा खोळंबायचं नाही.

सगळ्यांत फसवा समज म्हणजे ‘दुखायचं थांबलं, आता बरं आहे.’ कधी पीळ आपसूक सुटलेला असतो आणि पुन्हा बसू शकतो. कधी मात्र आतलं वृषणच मेलेलं असतं, म्हणून दुखत नाही. चेंडू लागल्यामुळंच हे होतं असंही नाही, पुष्कळदा झोपेतच होतं. मूळ दोष वृषण आत सैल लटकण्याचा असतो आणि तो बहुधा दोन्ही बाजूंना असतो. त्यामुळं सर्जन दुसरं वृषणही टाके घालून पक्कं करतात. एक वृषण गेलं तरी दुसरं निरोगी असेल तर पुढं बाप होण्यात सहसा अडचण येत नाही. मुलाला हे त्याच दिवशी सांगावं, त्याच्या मनात तोच प्रश्न असतो.

साथीत प्रत्येक ताप कोविडचाच वाटायचा. तान्ह्या बाळाच्या तापात लघवीची तपासणी राहून गेली, तर मूत्रसंसर्ग थेट किडनीपर्यंत जाऊ शकतो. जांघेतली गाठ कडक झाली, आत जाईना आणि बाळ ओकू लागलं, तर अडकलेला हर्निया असू शकतो. शिश्नाची मागं गेलेली कातडी पुढं येईना आणि टोक सुजलं, तर तेही त्याच रात्री दाखवायचं. याउलट, लहान मुलाची कातडी मागं जात नाही, एवढ्यावरून घाबरायचं काही कारण नाही. तिथं ओढाताण केली, तर मात्र नवं दुखणं मागं लागतं.

आणि ऑपरेशनची शक्यता असेल, तर घरून निघताना मुलाला पाणीसुद्धा देऊ नका. शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा, भूल देणारे डॉक्टर ते विचारतातच.