डेटोनाची १९७९ ची शर्यत : प्रवाद आणि हकीकत

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात, डेटोना बीच येथे, १८ फेब्रुवारी १९७९ रोजी झालेल्या पाचशे मैलांच्या मोटारशर्यतीचा विषय निघाला की प्रथम आठवते ती अखेरची मारामारी. आणि त्या एका दृश्याने मूळ शर्यतीवर इतके दाट पटल पसरले आहे की, कोण कितवा आला, हेही पुष्कळांस धड सांगता येत नाही.

सर्वांत दृढमूल प्रवाद असा की, शेवटच्या फेरीत एकमेकांवर आदळलेले केल यारबरो आणि डॉनी ॲलिसन हेच दोघे गाड्यांतून उतरून हातघाईवर आले. त्यांच्यात शाब्दिक चकमक झडली, हे खरे. परंतु लाथाबुक्क्यांचा प्रसंग ओढवला तो यारबरो आणि डॉनीचा थोरला भाऊ बॉबी यांच्यात. बॉबी त्या अपघातात मुळीच नव्हता. भावाची विचारपूस करून त्याला आपल्या गाडीतून न्यावे, या हेतूने तो तेथे थांबला होता. प्रसिद्ध छायाचित्रात यारबरोने उगारलेला पाय बॉबीने धरून ठेवलेला स्पष्ट दिसतो. या कज्जाचे मूळ मात्र त्याच दिवशी पूर्वी घडलेल्या प्रसंगात होते : शर्यतीच्या आरंभीच्या टप्प्यात या तिघांच्याही गाड्या घसरून, पावसाने भिजलेल्या आतल्या मैदानात गेल्या होत्या, आणि काही फेऱ्यांनी मागे पडलेल्या यारबरोने तो दोष बॉबीच्या माथी मारला होता. ते अंतर त्याने मोठ्या कौशल्याने भरून काढले, आणि पुढील गाडीच्या पाठीशी हवेचा विरोध कमी असतो त्याचा लाभ घेऊन अखेरच्या फेरीत मुसंडी मारावी, या बेताने तो डॉनीच्या मागे चिकटून राहिला. त्याने आतल्या बाजूने गाडी घातली, डॉनीने वाट अडवली, दोघे पुनःपुन्हा आदळले आणि तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर जाऊन थडकले. पुढे या शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेने तिघांनाही प्रत्येकी ६,००० डॉलर दंड केला.

दुसरा प्रवाद मला अधिक अन्यायाचा वाटतो. रिचर्ड पेटीला विजय आयता मिळाला, असे म्हणतात. आघाडीवर असताना आदळलेल्या त्या दोघांच्या तो सुमारे अर्धी फेरी मागे होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अपघातानंतर सावधगिरीचा पिवळा दिवा लागला तरी अंतिम रेषेवरील निशाणापर्यंत चुरस चालूच राही, आणि पेटी, डॅरेल वॉल्ट्रिप व ए. जे. फॉइट हे तिघे एकमेकांच्या निकट धावत असल्यामुळे त्या अवधीत जराही ढिलाई झाली असती तर निकाल पालटला असता. वॉल्ट्रिपला अवघ्या गाडीभर अंतराने रोखून पेटीने ही शर्यत सहाव्यांदा जिंकली. ज्या माणसाच्या जठराचा बराच भाग हंगामाच्या सुट्टीत शस्त्रक्रियेने काढावा लागला होता, आणि ज्याने लागोपाठ ४५ शर्यतींत विजय पाहिला नव्हता, त्याच्या या चिकाटीला नशिबाचे नाव देणे मला तरी मान्य नाही.

अपघातग्रस्त दोघे निकालातून बाद झाले, हाही गैरसमजच. दोनशेपैकी १९९ फेऱ्या त्यांच्या खाती जमा होत्या आणि पूर्ण अंतर कापणारे तिघेच होते. म्हणून दफ्तरी डॉनी चौथा आणि यारबरो पाचवा अशी नोंद आहे.

दूरचित्रवाणीवर आरंभापासून अखेरपर्यंत थेट दिसलेली नॅस्कारची ही पहिलीच शर्यत होय, असेही छापले जाते. तो मान १९७१ च्या ग्रीनव्हिल येथील शंभर मैलांच्या शर्यतीचा. पाचशे मैलांची संपूर्ण शर्यत देशभर थेट दाखवण्याचा पहिला प्रसंग मात्र डेटोनाचाच, आणि हिमवर्षावामुळे घरात अडकलेल्या असंख्य लोकांनी तो पाहिला. राहता राहिले या शर्यतींतील गाड्यांचे ‘स्टॉक कार’, म्हणजे दुकानी गाडी, हे नाव : बाहेरचा पत्रा दुकानातील गाडीसारखा असला, तरी आतील सांगाडा व संरक्षक पिंजरा तोवर शर्यतीसाठीच मुद्दाम घडवले जात.

त्या वर्षाचे नॅस्कारचे अजिंक्यपदही पेटीनेच मिळवले, तेही वॉल्ट्रिपला केवळ ११ गुणांनी मागे टाकून. त्याच्या सात अजिंक्यपदांपैकी ते शेवटचे.